‘बुद्धीला पटणे’ आणि ‘स्वतः जाणणे’ : कालाम सुत्ताच्या मराठी वाचनाची चिकित्सा

बुद्धपौर्णिमेच्या व्याख्यानात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्मरणिकेत किंवा विहाराच्या भिंतीवरील फलकावर जे एक सुत्त हटकून भेटते ते म्हणजे अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील कालाम सुत्त. त्याचा जो सारांश आपल्याकडे रूढ झाला आहे तो साधारणतः असा : कोणी सांगितले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तुमच्या बुद्धीला जे पटेल तेच स्वीकारा. ह्या सारांशावरून पुढचा निष्कर्षही ठरलेला असतो : बुद्धाचा धम्म विज्ञाननिष्ठ आहे, कारण तो श्रद्धेऐवजी बुद्धीला प्रमाण मानतो.

प्रस्तुत लेखात ह्या सारांशाचीच चिकित्सा करावयाची आहे. त्यातील निषेधाची चार वाक्ये मूळ पालि पाठाला धरून आहेत. शेवटचे, म्हणजे ज्यासाठी ती चार वाक्ये उच्चारली जातात ते वाक्य मात्र सुत्तात नाही. ते केवळ नाही एवढेच नव्हे. सुत्तात जे दहा आधार अपुरे ठरविले आहेत त्यांतील आठवा आधार म्हणजेच ‘बुद्धीला पटणे’ होय. ज्या दारातून भगवंतांनी कालामांना बाहेर काढले त्याच दारातून आपण त्यांना पुन्हा आत नेऊन बसवितो, आणि तेही त्याच सुत्ताचा हवाला देऊन. ही गोष्ट किरकोळ भाषांतरदोषाची नाही. स्वतःला जाणणे म्हणजे काय, आणि विज्ञान, धर्म व विद्यापीठीय शिक्षण ही तिन्ही त्या जाणण्याला कोठपर्यंत सोबत करू शकतात, हा प्रश्न तीत गुंतलेला आहे.

प्रथम सुत्ताचा प्रसंग पाहू. कोसल जनपदातील केसपुत्त (छट्ठ संगायनाच्या पाठानुसार केसमुत्त) हा कालामांचा निगम. तेथे निरनिराळे श्रमण-ब्राह्मण येतात, आपापला वाद उजळून दाखवितात आणि दुसऱ्याचा वाद तुडवितात. ते निघून गेले की दुसरे येतात आणि तेच करतात. ह्यांत खरे कोण व खोटे कोण, अशी शंका कालामांच्या मनात उत्पन्न होते. भगवंत त्या शंकेला दोष देत नाहीत. शंका घेण्याजोग्या ठिकाणीच तुम्हांला शंका आली आहे, असे ते म्हणतात. त्यानंतर ते दहा आधार एकामागून एक बाजूला सारतात. अनुस्सव, परंपरा, इतिकिरा आणि पिटकसंपदा हे पहिले चार ऐकीव ज्ञानाचे : कानांवर आलेले, पिढ्यांनी चालत आलेले, ‘असे म्हणतात’ ह्या स्वरूपाचे आणि ग्रंथाशी जुळणारे. तक्कहेतु, नयहेतु, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खन्ति हे पुढचे चार विचाराचे : तर्क, अनुमानाची रीत, कारणांचा वरवर केलेला ऊहापोह, आणि विचारान्ती एखादे मत मनाला रुचणे. भब्बरूपता आणि ‘समणो नो गरू’ हे शेवटचे दोन व्यक्तीचे : बोलणारा योग्य दिसतो म्हणून, आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून.

आपल्या लोकप्रिय सारांशाने ह्या दहांतील पहिला व तिसरा गट उचलला आणि मधला गट सोडून दिला. हे का घडले असावे ते कळण्यासारखे आहे. ज्या समाजाला परंपरा, ग्रंथ आणि गुरू ह्या तिघांनी मिळून शतकानुशतके माणूसपणातून वगळले, त्याला त्या तिघांच्या विरोधातील बुद्धवचन सर्वांत आधी ऐकू यावे हे स्वाभाविकच होते. बुद्धी हे त्याचे एकमेव शस्त्र होते आणि ते त्याने मोठ्या कष्टाने मिळविले होते; त्या शस्त्रालाही मर्यादा आहे हे ऐकण्याची ती वेळ नव्हती. पण आज, त्या वाचनाला दोन-तीन पिढ्या उलटून गेल्यावर, मधले चार आधारही वाचण्याइतके आपण समर्थ झालो आहोत असे मला वाटते.

ह्या वाचनाचा उगम केवळ महाराष्ट्रात शोधणे मात्र योग्य होणार नाही. सोम थेरांनी केलेला कालाम सुत्ताचा इंग्रजी अनुवाद कँडीच्या बौद्ध प्रकाशन संस्थेने 1959 साली प्रसिद्ध केला. मुक्त जिज्ञासेची सनद अशा आशयाचे उपशीर्षक त्याला होते आणि ते जगभर पसरले. पुढे के. एन. जयतिलक ह्यांनी 1963 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रारंभिक बौद्ध ज्ञानमीमांसेची अतिशय कसोशीने मांडणी केली. ह्या दहा पदांचे त्यांनी केलेले विश्लेषण आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. जयतिलक केंब्रिजमध्ये विट्गेन्स्टाइन ह्यांचे विद्यार्थी होते, आणि बुद्धाला अनुभववादी ठरविण्याकडे त्यांचा कल होता. ह्या विद्वानांचा ग्रंथ सावध आहे. सावध नाहीत ती त्यावरून तयार झालेली घोषवाक्ये.

आता त्या आठव्या पदाकडे वळू. ‘दिट्ठि’ म्हणजे मत. ‘निज्झान’ म्हणजे निरखून पाहणे, चिंतन करणे. ‘खन्ति’ हा शब्द मराठी वाचकाला चकवितो, कारण संस्कृत क्षान्तीच्या आठवणीने त्याला क्षमा किंवा सहनशीलता असा अर्थ सुचतो. येथे तो अर्थ नाही. एखादी गोष्ट मनाला सहन होणे, रुचणे, मान्य होणे असा येथील भाव आहे. म्हणजे अविचाराने स्वीकारलेले मत येथे अभिप्रेत नाही. विचार करून, उलटसुलट पारखून, शेवटी ‘हे मला पटते’ अशा विसाव्यावर आलेले मत अभिप्रेत आहे. आणि तेही पुरेसे नाही, असे सुत्त सांगते.

ते का पुरेसे नाही, ह्याचे उत्तर मज्झिम निकायातील चंकी सुत्तात मिळते. तेथे ओपसाद गावी ज्येष्ठ ब्राह्मणांच्या सभेत कापटिक नावाचा सोळा वर्षांचा, मुंडित मस्तकाचा तरुण वारंवार मध्ये बोलतो, भगवंत त्याला थांबवितात, आणि मग त्याच्याशीच सर्वांत गंभीर संवाद होतो. (ज्येष्ठांची चर्चा बाजूला राहते आणि मुलाचा प्रश्न सुत्ताचा गाभा होतो, ही पालि साहित्यातील एक लोभस गोष्ट आहे.) त्या संवादात श्रद्धा, रुची, अनुस्सव, आकारपरिवितक्क आणि दिट्ठिनिज्झानक्खन्ति अशा पाच गोष्टी एका ओळीत येतात, आणि ह्या पाचांचाही परिणाम दोन प्रकारचा असतो असे सांगितले जाते. मनापासून श्रद्धा ठेवलेली गोष्ट पोकळ निघू शकते आणि श्रद्धा न ठेवलेली खरी निघू शकते. तीच गत नीट विचार करून पटलेल्या गोष्टीची. श्रद्धा आणि पटणे ह्यांना एकाच पंक्तीत बसविणे हे आधुनिक वाचकाला खटकते. पण पटणे ही आपल्या मनात घडलेली एक घटना आहे, वस्तुस्थितीबद्दलचा दाखला नव्हे, एवढेच त्यातून सांगावयाचे आहे. म्हणून कापटिकाला दिलेला सल्ला असा : ‘मला असे पटते’ एवढेच म्हणावे, ‘हेच खरे, बाकी सारे व्यर्थ’ असे म्हणू नये. ह्याला तेथे सत्याचे रक्षण, ‘सच्चानुरक्खणा’, म्हटले आहे. सत्य कळणे ही त्यापुढची पायरी.

संगारव सुत्त ह्याही पलीकडे जाते. तेथे भगवंत धर्माचा दावा करणाऱ्यांचे तीन वर्ग करतात. पहिला वर्ग ऐकीवावर विसंबणाऱ्यांचा. उदाहरण त्रैविद्य ब्राह्मणांचे. दुसरा केवळ श्रद्धेवर विसंबणाऱ्यांचा. येथे आपण भाबड्या भक्ताच्या उदाहरणाची अपेक्षा करतो. पाठात उदाहरण आहे ते ‘तक्की वीमंसी’चे, म्हणजे तार्किकाचे! तिसरा वर्ग पूर्वी न ऐकलेल्या गोष्टी स्वतःच जाणणाऱ्यांचा, आणि त्यात भगवंत स्वतःला ठेवतात. तार्किकाला श्रद्धावंतांत बसविण्यामागे द्वेष नाही. तर्काची इमारत कितीही काटेकोर असली तरी तिचा पाया असलेली गृहीतके तार्किकाने कोठून तरी घेतलेली असतात, आणि त्या पायावर तो श्रद्धाच ठेवून असतो.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. हा ‘तक्की’ म्हणजे आजचा वैज्ञानिक नव्हे. वैज्ञानिक नुसता तर्क करून थांबत नाही. तो प्रयोग करतो, आपले अनुमान मोडण्याची संधी निसर्गाला देतो, आणि दुसऱ्याने तोच प्रयोग करून पाहावा अशी अपेक्षा ठेवतो. ह्या अर्थी विज्ञान कालामांच्या शंकेचे सच्चे वारसदार आहे, आणि बुवाबाजी व कर्मकांड ह्यांच्या विरुद्ध ते आपल्या बाजूने उभे आहे ह्यात संशय नाही. विज्ञानाची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. विज्ञानाचे ज्ञान हस्तांतरणीय असते, आणि तेच त्याचे सामर्थ्य. एकाने पडणाऱ्या वस्तूंचा नियम शोधला की प्रत्येकाने तो नव्याने शोधण्याची गरज उरत नाही; पुस्तक उघडले की तो आपला होतो. पण माझ्या मनात ह्या क्षणी लोभ उठला आहे की नाही, हे दुसऱ्या कोणी माझ्यासाठी शोधून ठेवू शकत नाही. लोभाविषयीचे सारे शास्त्र मुखोद्गत असणाऱ्याच्या मनात तो सुखाने नांदू शकतो.

ध्यानाविषयीच्या आधुनिक संशोधनाकडे ह्या दृष्टीने पाहावे. 2004 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 8 दीर्घकालीन बौद्ध साधक आणि 10 विद्यार्थी ह्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची तुलना प्रसिद्ध केली. करुणाभावनेच्या वेळी साधकांत गॅमा लहरींचे प्रमाण उल्लेखनीय रीतीने वाढलेले आढळले. तेव्हापासून अशा अभ्यासांची गणती करणे कठीण झाले आहे, आणि आपल्याकडील व्याख्यानांत ‘आता विज्ञानानेही मान्य केले’ असे मोठ्या समाधानाने सांगितले जाते. संशोधन मोलाचे आहे. समाधान मात्र चुकीच्या जागी आहे. लहरींचा आलेख करुणेच्या वेळी मेंदूत काय घडते ते सांगतो. तो साधक आश्रमाबाहेर आल्यावर आपल्या नोकराशी कसे बोलतो, हे त्या आलेखावर उमटत नाही.

दुसऱ्या माणसाला कसे ओळखावे ह्याविषयी संयुत्त निकायात एक मार्मिक प्रसंग आहे. सावत्थीला पूर्वारामाबाहेर भगवंत बसले असता जटिल, निगण्ठ, परिव्राजक असे नाना वेषांचे तपस्वी समोरून जातात. पसेनदि राजा उठून, गुडघा टेकून, त्यांना वंदन करतो आणि मग म्हणतो की जगातील अर्हतांमध्ये हे आहेत. भगवंत उत्तर देतात की तुझ्यासारख्या संसारी माणसाला हे कळणे कठीण आहे. शील सहवासाने कळते, शुचिता व्यवहारात कळते, धैर्य आपत्तीत कळते आणि प्रज्ञा चर्चेत कळते. तेही दीर्घकाळाने, आणि लक्ष देणाऱ्यालाच. मग राजा कबुली देतो की ते सारे त्याचेच गुप्तहेर होते, मुलूख हेरून परत येताना तपस्व्यांच्या वेषात होते. जटा असो, चीवर असो, पदवीचा झगा असो की मेंदूचा आलेख असो, खुणेवरून माणूस ओळखण्याचा मोह फार जुना आहे.

विज्ञानवादी वाचनाला कंटाळलेले काही साधक आता दुसऱ्या टोकाला गेलेले दिसतात. बुद्धीने काय कळणार, अनुभव घ्या, असे ते म्हणतात. आणि ज्याने शिबिरे केली नाहीत त्याने बोलूच नये, असा त्याचा पुढचा भाग असतो. ‘स्वतः जाणणे’ ह्याचा अर्थ ‘मला आलेला अनुभव’ असा ते करतात. हे वाचनही सुत्तपिटकात टिकत नाही. दीघ निकायातील पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. त्यात बासष्ट मिथ्या मतांचे जाळे उलगडून दाखविले आहे. त्यांतील शाश्वतवादाचे चार आधार पाहावेत : चौथा आधार तर्काचा आहे, पण पहिले तिन्ही ध्यानानुभवाचे आहेत. साधक खडतर प्रयत्नाने चित्त एकाग्र करतो, त्याला अनेक पूर्वजन्मांचे, अनेक कल्पांचे स्मरण होते, आणि त्यावरून तो ठरवितो की आत्मा व जग शाश्वत आहेत. त्याचा अनुभव खोटा आहे असे सुत्त म्हणत नाही. अनुभवावरून त्याने जे मत बांधले आणि ज्या मताला तो चिकटला, ते जाळे आहे असे म्हणते. तर्क जसा फसवितो तसा अनुभवही फसवितो, आणि अनुभवाची फसवणूक अधिक घट्ट असते, कारण तिच्यावर ‘मी पाहिले’ अशी मुद्रा असते.

मग कालाम सुत्तातील ‘अत्तनाव’ ह्या पदाचे काय करावयाचे? मराठीत स्वतःच्या ज्ञानाला आपण सहजपणे ‘आत्मज्ञान’ म्हणून जातो, आणि त्या शब्दाबरोबर वेदान्ताचे सारे सामान घरात येते. पालि पद तृतीयेत आहे : स्वतःला नव्हे, तर ‘स्वतःच’, स्वतःच्या द्वारे. जाणावयाचे ते आत्मा नावाचे तत्त्व नव्हे. ह्या गोष्टी अकुशल आहेत, सदोष आहेत, सुज्ञांनी निंदिलेल्या आहेत, आचरल्या असता अहिताला व दुःखाला कारण होतात, हे जाणावयाचे आहे. त्यानंतर भगवंत प्रवचन करीत नाहीत, प्रश्न विचारतात. पुरुषाच्या ठायी लोभ उत्पन्न होतो तो हिताला की अहिताला? अहिताला, भन्ते, असे कालाम म्हणतात. लुब्ध माणूस हत्या करतो, चोरी करतो, परस्त्रीकडे जातो, खोटे बोलतो, दुसऱ्यालाही तसे करावयास लावतो, हे खरे ना? खरे आहे, भन्ते. मग द्वेष. मग मोह. उत्तर प्रत्येक वेळी कालामच देतात.

ह्या ठिकाणी व्याकरणाचा एक बारकावा फार मोलाचा आहे. ‘जानेय्याथ’ हे क्रियापद द्वितीय पुरुषी अनेकवचनी आहे. भगवंत एका साधकाला एकांतात बोलत नाहीत. एका गावाला बोलत आहेत. शिवाय जाणण्याच्या कसोट्यांत ‘विञ्ञूंनी निंदिलेले’ आणि ‘विञ्ञूंनी प्रशंसिलेले’ ह्या कसोट्या आहेत. ज्या सुत्ताला आपण वैयक्तिक बुद्धिस्वातंत्र्याची सनद समजतो ते सुज्ञ माणसांच्या मताला बाहेर ठेवत नाही. फक्त ते आंधळेपणाने घेऊ नका म्हणते. आपला लोभ आपल्याला सर्वांत शेवटी दिसतो, हे ज्याला माहीत आहे तोच शेजाऱ्याच्या डोळ्यांचे मोल जाणतो.

ह्या मुद्द्याचा खरा विस्तार मज्झिम निकायातील अनुमान सुत्तात आहे, आणि त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही. भग्गांच्या देशी, सुंसुमारगिरीच्या भेसकळा वनात महामोग्गल्लान भिक्खूंना सांगतात की एखादा भिक्खू ‘मला सांगा, माझे चुकले तर सांगा’ असे म्हणतो खरा, पण तो ‘दुब्बच’ असेल, त्याला काही सांगणेच अवघड असेल, तर सोबती त्याला काही सांगत नाहीत. माणसाला दुब्बच करणाऱ्या सोळा गोष्टी ते मोजतात : स्वतःची स्तुती व इतरांची निंदा, क्रोध, दोष दाखविणाऱ्यावर उलट आरोप, विषयांतर, मत्सर, ताठा, आणि शेवटी आपल्या मताला घट्ट धरून बसणे. एवढे सांगून ते ‘अनुमान’ ह्या शब्दाकडे वळतात. हे गुण असलेला दुसरा माणूस मला आवडत नाही. तेव्हा माझ्यात ते असतील तर मीही दुसऱ्याला आवडणार नाही. अनुमान, जे कालाम सुत्तात सत्याचा आधार म्हणून नाकारले गेले, ते येथे स्वतःकडे वळविण्याचे साधन म्हणून परत आले आहे. बुद्धीला हाकलून दिलेले नाही. तिला काम नेमून दिले आहे. जगाविषयीच्या मतांना शिक्कामोर्तब करण्यापेक्षा स्वतःच्या चेहऱ्यावरचा डाग शोधणे हे ते काम. तरुण माणूस आरशात किंवा स्वच्छ पाण्याच्या भांड्यात आपला चेहरा पाहतो आणि डाग दिसला की पुसावयास धडपडतो, ही उपमा तेथे आहेच.

आरसा दुसऱ्या एका सुत्तातही आहे. अंबलट्ठिक राहुलोवादात भगवंत आपल्या मुलाला विचारतात की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे : ह्यातून मला किंवा दुसऱ्याला पीडा होते का? आणि काया-वाचेने झालेली चूक आढळली तर ती शास्त्याजवळ किंवा सुज्ञ सोबत्याजवळ उघड करावी. अशोकाने आपल्या भाब्रू येथील शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे मोजके धम्मपर्याय नोंदविले त्यांत राहुलाला केलेला मृषावादविषयक उपदेश आहे, हे लक्षणीय होय. राज्यकर्त्याला इतक्या ग्रंथांतून नेमके हे का आठवावे, ह्याचा विचार वाचकांनी करावा.

आता शिक्षणाकडे. पालि वाङ्मयात विद्वत्तेची मर्यादा दाखविणारी सर्वांत निष्ठुर कथा धम्मपद-अट्ठकथेतील पोट्ठिल थेरांची आहे. तिपिटकात पारंगत असलेले, शेकडो भिक्खूंना शिकविणारे हे आचार्य भगवंतांसमोर येत तेव्हा भगवंत त्यांना ‘तुच्छ पोट्ठिल’, रिकामा पोट्ठिल, अशी हाक मारीत. अखेर ते दूर अरण्यातील आवासात जातात. तेथील थेर त्यांना आपल्याहून धाकट्याकडे पाठवितो, तो त्याच्याहून धाकट्याकडे, असे करता करता हे महापंडित सुई घेऊन शिवत बसलेल्या सात वर्षांच्या सामणेरासमोर येऊन पोहोचतात. सामणेर त्यांना नेसत्या चीवरानिशी तळ्यात उतरावयास सांगतो आणि ते उतरतात. मग तो म्हणतो, वारुळाला सहा छिद्रे आहेत, आत घोरपड आहे. पाच छिद्रे बुजवून सहाव्यापाशी बसावे. ‘दुब्बच’पणा संपल्याशिवाय शिक्षण सुरू होत नाही, हे तळ्यातील त्या ओल्या चीवराने सांगितले आहे.

ही कथा सांगताना एक धोका नजरेआड करता येणार नाही. विद्या व्यर्थ आहे, पोथ्या बाजूला ठेवा, असे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या त्यांनी म्हणणे वेगळे, आणि ज्यांना अक्षराला शिवू दिले गेले नाही त्यांना ते ऐकविणे वेगळे. पोट्ठिल विद्वान होते म्हणून त्यांना रिकामे म्हणण्यात अर्थ होता. अशिक्षितापुढे ह्या कथेचे तात्पर्य काढणारा माणूस त्याची फसवणूक करीत असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थाचे आणि औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले. ह्या दोन नावांत शिक्षणाविषयीची एक पूर्ण भूमिका आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेन त्याच्याशी बोलण्यापूर्वी अट घालतात : पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे नव्हे. पंडितांच्या चर्चेत मत खोडले जाते, चूक दाखविली जाते, आणि तरीही पंडित रागावत नाहीत; राजा मात्र विरोध करणाऱ्याला दंड ठोठावतो. सुवचता ही चांगल्या शिक्षणाचीही पूर्वअट आहे असाच ह्याचा अर्थ.

आणि त्याच बाबासाहेबांनी, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ह्या ग्रंथात, धम्माला सद्धम्म केव्हा म्हणावे हे सांगताना केवळ विद्वत्ता पुरेशी नाही, ती पढिकपणाकडे नेऊ शकते, हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला आहे. तेथे त्यांनी कोसंबीच्या परिसरातील एका ब्रह्मचाऱ्याची कथा दिली आहे. वादात आपल्या तोडीचा कोणी नाही म्हणून तो हातात पेटती दिवटी घेऊन हिंडतो. जग अंधारात आहे, त्याला प्रकाश दाखवितो, असे सांगतो. उपेक्षितांसाठी महाविद्यालये काढणाऱ्या माणसाने आपल्या अखेरच्या ग्रंथात ही दिवटी ठेवावी, ह्यात विसंगती नाही. शिक्षणाचा हक्क आणि शिक्षणाची मर्यादा ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच समाजासाठी सांगितल्या. आपण पहिली लक्षात ठेवली.

पालिच्या अभ्यासाची आजची स्थिती पाहता हा प्रश्न आम्हा अध्यापकांनाही चुकत नाही. 2013 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पालि वगळली गेली. 2024 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि सर्वांना आनंद झाला. दोन्ही वेळी चर्चा विद्यार्थीसंख्या, पदे आणि अनुदान ह्यांचीच होती. ती चर्चा गैर नाही, कारण विभाग बंद पडला तर ग्रंथही बंद पडतात. परंतु ‘कालाम सुत्तातील दहा आधार लिहा’ ह्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी ते दहा आधार पिटकसंपदेनेच स्वीकारीत असतो, आणि परीक्षकही त्याच आधारावर गुण देत असतो, हा विनोद परीक्षापद्धतीच्या पोटातच आहे. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी आठवावेत. शाळेचे शिक्षण जेमतेम, पदवी कोणतीच नाही. घर सोडून सिंहलद्वीप व ब्रह्मदेश गाठले, तेथे पालि शिकले, आणि नंतर हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी त्यांना बोलाविले गेले. विद्यापीठाने त्यांना शिकविले नाही. त्यांच्याकडून शिकवून घेतले.

सुत्ताच्या अखेरीस दोन गोष्टी येतात, आणि आपल्या सारांशांत त्या दोन्ही गाळल्या जातात. लोभ, द्वेष व मोह ह्यांपासून मुक्त झालेल्या आर्यश्रावकाला भगवंत चार आश्वासने सांगतात. परलोक असेल आणि कर्मांचे फळ असेल, तर मृत्यूनंतर चांगली गती मिळेल. नसेल, तर ह्याच जन्मी निर्वैर आणि सुखी जगणे हाती आहे. वाईट करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर मी कोणाचे वाईट चिंतिले नाही. होत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी मी शुद्धच आहे. परलोकाचा प्रश्न येथे सोडविलेला नाही आणि सोडविण्याची निकडही दाखविलेली नाही. विज्ञानवाद्याला त्याचे ‘नाही’ येथे मिळत नाही, धार्मिकाला त्याचे ‘आहे’ मिळत नाही. दुसरी गोष्ट : हे सारे ऐकून कालाम बुद्ध, धम्म आणि संघ ह्यांना शरण जातात. ‘समणो नो गरू’ हा आधार ज्यांनी नुकताच बाजूला ठेवला त्यांनीच हे केले. त्यांच्या शरणगमनात आणि त्यांच्या शंकेत सुत्ताला विरोध दिसत नाही. आपल्याला दिसतो, म्हणून आपण शेवटचा परिच्छेद छापत नाही.

म्हणून ह्या सुत्ताच्या यापुढील मराठी आवृत्त्यांबाबत तीन सूचना कराव्याशा वाटतात. फलकावर दहाही आधार द्यावेत, चारच देऊ नयेत. ‘जानेय्याथ’चे अनेकवचन अनुवादात राखावे, ‘जेव्हा तू जाणशील’ असे करू नये. आणि आठव्या पदासाठी ‘विचारान्ती मत मानवणे’ असा अनुवाद योजावा. अन्न मानवते, हवा मानवते, तसेच मतही मानवते. जे मानवते ते खरे असतेच असे नाही, हे मराठी कानाला त्या क्रियापदातूनच ऐकू येईल.